अंश सांगता, छेद कुठे आहे?

एप्रिल २०२१. दुपारी तीनच्या सुमारास मामेभावाचा फोन आला. मामा कोविडमुळे ऑक्सिजनवर होते आणि हॉस्पिटलने त्याच्या हातात चिठ्ठी दिली होती : ‘बी पॉझिटिव्ह प्लाझ्मा, २ युनिट, अर्जंट’. “ताई, तुझ्या कॉलेजच्या ब्लड बँकेत कोणी ओळखीचं आहे का?”

मी पंचवीस वर्षं एका वैद्यकीय महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवते आहे. प्लाझ्माने, म्हणजे कोविडमधून बऱ्या झालेल्यांच्या रक्तातल्या द्रवाने, फरक पडत नाही असं सांगणारा अभ्यास आपल्याच देशात होऊन, छापून येऊन सहा महिने उलटले होते. मी तो वर्गात शिकवलाही होता. तरीही पुढचे सहा तास मी फोनच करत बसले. सोसायटीच्या, शाळेच्या, माहेरच्या, सगळ्या ग्रुपांवर मेसेज टाकला. रात्री साडेनऊला एक दाता मिळाला. कोथरूडचा एक अनोळखी मुलगा, स्वतःच्या बाइकवर आला, प्लाझ्मा दिला आणि चहासुद्धा न घेता गेला. मामा अकराव्या दिवशी घरी आले. मामेभाऊ आजही सांगतो, प्लाझ्मा मिळाला म्हणून बाबा वाचले.

आता तो अभ्यास. २२ एप्रिल ते १४ जुलै २०२० या काळात आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने) देशातल्या ३९ रुग्णालयांत कोविडच्या मध्यम आजारी ४६४ रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. २३५ जणांना नेहमीच्या उपचारांबरोबर प्लाझ्मा दिला, २२९ जणांना फक्त नेहमीचे उपचार. २८ दिवसांत आजार गंभीर झाला किंवा मृत्यू आला असे रुग्ण प्लाझ्मावाल्यांत ४४ निघाले, दुसऱ्या गटात ४१. नुसते मृत्यू मोजले तर ३४ आणि ३१. म्हणजे शंभरी १५ आणि १४. साथ ऐन भरात असताना, पीपीई किट घालून, आपल्या डॉक्टरांनी केलेलं हे काम आहे. त्याचा निबंध ऑक्टोबर २०२० मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. मला त्याचा अभिमान वाटतो, आणि म्हणूनच पुढचं लिहिताना राग येतो.

या अभ्यासातला माझ्या मते सगळ्यांत बोलका आकडा वजाबाकी करून काढावा लागतो. प्लाझ्मा न मिळालेल्या २२९ मधून ३१ गेले. उरले १९८. या १९८ जणांना प्लाझ्मा मिळाला असता तर काय झालं असतं? बहुतेक सगळे तसेच बरे झाले असते आणि एकशे अठ्ठ्याण्णव घरांतून एकशे अठ्ठ्याण्णव माणसं शपथेवर सांगत फिरली असती की प्लाझ्मानेच वाचवलं. त्यांतलं कुणी खोटं बोललं नसतं. माझा मामेभाऊही खोटं बोलत नाही. त्याच्याकडे अंश आहे, छेद नाही, एवढंच.

अंश आणि छेद आपण शाळेत शिकतो आणि दहावीनंतर विसरतो. वैद्यकीय बातम्यांच्या बाबतीत तर ते विसरायला लावणारी एक मोठी यंत्रणाच आहे. ‘अमुक उपचाराने पाचशे रुग्ण ठणठणीत’. पाचशे, पण कितीपैकी? आणि तो उपचार न घेतलेल्यांपैकी किती ठणठणीत झाले? आमच्या शहरात उड्डाणपुलाच्या कठड्यावर एका वंध्यत्वनिवारण केंद्राचा फ्लेक्स आहे. त्यावर गुटगुटीत बाळाचा फोटो आणि ‘सक्सेस रेट’ म्हणून एक घसघशीत टक्का. मी सिग्नलला थांबले की दर वेळी मनात तोच प्रश्न येतो. यात वर कोण आहे? प्रेग्नन्सी टेस्ट पॉझिटिव्ह आलेल्या, की बाळ हातात घेऊन घरी गेलेल्या? आणि खाली कोण? इंजेक्शनं सुरू केलेल्या सगळ्या, की गर्भ आत सोडण्यापर्यंत पोचलेल्या तेवढ्याच? मध्येच गळाल्या त्या, पस्तिशी-चाळिशी पार केल्यामुळे ज्यांना दारातूनच परत पाठवलं त्या, या कुठे मोजल्या? वरची संख्या थोडी फुगवली आणि खालची थोडी आवळली की कोणताही टक्का बाळसं धरतो. कर्ज काढून, दागिने मोडून तिथे जाणाऱ्या जोडप्याला हे विचारायचं सुचत नाही, आणि सुचलं तरी धीर होत नाही.

माझं म्हणणं साधं आहे. उपचाराबद्दल जाहीरपणे बोलला जाणारा कोणताही आकडा छेदाशिवाय आणि तुलनेच्या गटाशिवाय आला तर त्याला माहिती म्हणू नये. ती जाहिरात समजावी. मग सांगणारा फ्लेक्स लावणारा असो, वर्तमानपत्र असो, मंत्री असोत, नाहीतर पांढऱ्या कोटातला माणूस असो.

यावर डॉक्टर मित्रांचं उत्तर मला पाठ आहे. “तुझं सगळं वर्गात ठीक आहे. समोर माणूस गुदमरत असताना मी काय टेबल काढून बसू? माझा पेशंट म्हणजे आकडा नाही.” हे वाक्य ऐकायला फार माणुसकीचं आहे. पण २०२० सालीच त्याला उत्तर मिळालं होतं. ब्रिटनमधल्या रिकव्हरी नावाच्या चाचणीने त्याच गर्दीत, त्याच घाईत, रुग्ण दाखल होतानाच त्यांचे चिठ्ठ्या टाकून गट पाडले. जूनपर्यंत दोन निकाल हातात आले. जगभर ज्याच्या मागे लोक धावत होते ते हायड्रॉक्सिक्लोरोक्विन घेणाऱ्यांत २८ दिवसांत २७ टक्के दगावले, न घेणाऱ्यांत २५. आणि कुणी फारशी दखल न घेतलेलं, जुनं, स्वस्त डेक्सामेथासोन व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांना दिलं तेव्हा मृत्यू ४१ टक्क्यांवरून २९ वर आले. गुदमरणाऱ्या माणसांसाठीच ही मोजणी केली होती. आपल्याकडेही त्यानंतर डेक्सामेथासोन सर्रास वापरलं गेलं आणि त्याने किती मामा घरी परतले असतील याचा हिशेब कुणी मांडत नाही. माझ्या मामांनाही ते चालू होतं. पण पाच-दहा रुपयांच्या गोळी-इंजेक्शनाचे आभार मानायची पद्धत नाही.

रेमडेसिव्हिरची गोष्ट याहून वाईट. एप्रिल २०२१ मध्ये औषधाच्या दुकानांपुढे पहाटेपासून रांगा लागत, आधार कार्ड आणि चिठ्ठी घेऊन उभी माणसं अजून डोळ्यांपुढे आहेत. काळ्या बाजारात एकेका कुपीला लोकांनी हजारो रुपये मोजले. त्याच्या कितीतरी आधी, ऑक्टोबर २०२० मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेच्या सॉलिडॅरिटी चाचणीचे आकडे आले होते : औषध घेतलेल्या २,७४३ पैकी ३०१ मृत्यू, न घेतलेल्या २,७०८ पैकी ३०३. दुसऱ्या एका अमेरिकी चाचणीत औषध घेणारे पंधराऐवजी दहा दिवसांत बरे झाले होते, हेही सांगितलं पाहिजे. पण ‘लवकर घरी जाल’ आणि ‘जीव वाचेल’ ही दोन वेगळी आश्वासनं आहेत. पहाटे रांगेत उभा राहिलेला माणूस पहिल्यासाठी उभा नव्हता. त्याला हा फरक कुणी सांगितला होता?

इथे मला एक जुनी गोष्ट आठवते. क्षयावर स्ट्रेप्टोमायसिन आलं तेव्हा युद्धाने खंगलेल्या ब्रिटनकडे ते पुरेसं विकत घ्यायला डॉलर नव्हते. सगळ्यांना पुरणार नव्हतंच. मग ब्रॅडफर्ड हिल या संख्याशास्त्रज्ञाने सांगितलं, आहे तेवढं चिठ्ठ्या टाकून वाटू. कुणाला मिळेल ते बंद पाकिटातल्या चिठ्ठीने ठरलं, डॉक्टरांच्या मर्जीने नाही. १९४८ साली निकाल छापून आला : औषध मिळालेल्या ५५ पैकी ४ जण सहा महिन्यांत दगावले, नुसती विश्रांती मिळालेल्या ५२ पैकी १४. आधुनिक चाचण्यांची वाट तिथून सुरू झाली, असं आम्ही शिकवतो. ती टंचाईतून सुरू झाली, हे सांगायचं मात्र राहून जातं. २०२१ च्या एप्रिलात आपल्याकडेही तशीच टंचाई होती. आपण औषध वशिल्याने वाटलं. नगरसेवकाची ओळख, जिल्हाधिकारी कार्यालयातला नंबर, कुणाचा मेहुणा स्टॉकिस्टकडे. चिठ्ठ्या टाकल्या असत्या तर वाटप अधिक न्यायाचं झालं असतं आणि वर ज्ञानही मिळालं असतं. वशिल्याच्या यादीतून फक्त वशिला कुणाचा होता एवढंच कळतं.

प्लाझ्मा राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांमधून काढला मे २०२१ मध्ये. तोवर लाट ओसरायला लागली होती.

आकड्यांच्या बाजूने इतकं बोलल्यावर त्यांच्या अंगावर येणाऱ्या बाजूबद्दलही बोलायला हवं. उदाहरण आपल्याच मातीतलं आहे. ऑक्टोबर १९९९ पासून तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात टाटा मेमोरियल आणि बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटलच्या लोकांनी आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेबरोबर एक अफाट काम केलं. गावांचे ५२ गट, तीस ते एकोणसाठ वयाच्या १,३१,७४६ बायका. काही गटांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी, तो घडवणाऱ्या एचपीव्ही विषाणूची तपासणी, काहींत पॅप स्मिअर (तिथल्या पेशी काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघणं), काहींत ॲसेटिक ॲसिड लावून नुसत्या डोळ्यांनी पाहणं, आणि उरलेल्या गटांत यातलं काहीच नाही, फक्त माहिती आणि नेहमीची सोय. आठ वर्षांनी मोजलं. एचपीव्ही तपासणी झालेल्या गटातल्या ३४,१२६ बायकांपैकी ३४ या कर्करोगाने गेल्या, काहीच न केलेल्या गटात ३१,४८८ पैकी ६४.

आता हेच दोन तऱ्हांनी सांगता येतं. ‘एका तपासणीने मृत्यू निम्म्यावर’, हे खरं. ‘हजार बायकांत आठ वर्षांत दोनाऐवजी एक मृत्यू’, हेही तितकंच खरं. पहिलं वाक्य ऐकून आरोग्यमंत्री टाळ्या घेतील, दुसरं ऐकून अर्थखात्याचा सचिव फाइल बाजूला ठेवील. मी विद्यार्थ्यांना दोन्ही वाक्यं फळ्यावर लिहायला लावते, कारण एकट्या पहिल्यात भुरळ आहे आणि एकट्या दुसऱ्यात कोडगेपणा. हजारांत एक म्हणजे क्षुल्लक असं वाटत असेल तर राज्यात त्या वयाच्या बायका किती कोटी आहेत ते बघावं.

पण त्या ६४ जणींचं काय? गटात नाव निघालं म्हणून त्यांची तपासणी झाली नाही. या प्रश्नावरून पुढे आंतरराष्ट्रीय पातळीवर बरंच वादंग झालं. बाजू घेणारे म्हणाले, त्या बायकांना अभ्यास नसता तरीही तपासणी मिळालीच नसती. सरकारी दवाखान्यात तशी सोयच नव्हती. हे खरं आहे आणि तरी त्याने माझं समाधान होत नाही. ‘नाहीतरी काही मिळणार नव्हतंच’ हे वाक्य गरिबांबद्दलच का वापरता येतं? तपासणीने मृत्यू कमी होतात हे त्यांच्या गावांनी जगाला सिद्ध करून दिलं. मोबदल्यात त्या गावांचा पहिला हक्क तपासणीवर असायला हवा होता. मी चाचण्यांची बाजू घेते ती हे कर्ज मान्य करून. तुलनेचा गट फुकट मिळत नाही, ती माणसं असतात.

आणि छेद मिळवायचा तर दवाखान्याच्या खुर्चीतून उठावं लागतं. डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत ६५० बायकांची घरोघर जाऊन नोंद करून तपासणी केली. १९८९ साली ते लॅन्सेटमध्ये छापून आलं. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोगाचा काही ना काही त्रास होता, आणि आधी कधी तरी तपासून घेतलेल्या जेमतेम ८ टक्के होत्या. दवाखान्यांच्या रजिस्टरात बाकीच्या बायका अंशातही नव्हत्या आणि छेदातही नव्हत्या.

आमच्या धंद्याचे दोषही सांगते, नाहीतर बाकीच्यांना शहाणपण शिकवतेय असं वाटेल. एमडीची मुलं थिसिस सबमिशनच्या तोंडावर पेन ड्राइव्ह घेऊन येतात. “मॅडम, डेटा झालाय, फक्त पी व्हॅल्यू काढून द्या.” मी काढून देते. मग खालच्या आवाजात दुसरा प्रश्न येतो : “पॉइंट झिरो सेव्हन आलीय. काही करता येईल का?” ०.०५ च्या खाली आकडा आला की निकाल ‘सिग्निफिकंट’, वर गेला की सहा महिन्यांचं काम वाया, अशी त्यांची समजूत कुणीतरी करून दिलेली असते. ते कुणीतरी आम्हीच. खरं तर त्या आकड्याचा अर्थ इतकाच की औषधात काहीच दम नसता तर एवढा किंवा याहून मोठा फरक निव्वळ योगायोगाने किती वेळा दिसला असता. फरक कामाचा आहे की नाही, हे तो सांगत नाही. आणि काय करता येतं? येतं ना. पुरुष वेगळे काढा, साठीच्या वरचे वेगळे काढा, मधुमेहवाले वेगळे काढा, कुठेतरी ०.०५ च्या खाली येईलच. आधुनिक संख्याशास्त्राचा पाया घालणारे रोनाल्ड फिशर १९३८ साली भारतात सांख्यिकी परिषदेच्या अध्यक्षपदावरून बोलले होते की प्रयोग उरकल्यावर संख्याशास्त्रज्ञाला बोलावणं म्हणजे त्याच्याकडून शवविच्छेदन करून घेणं. प्रयोग कशाने मेला एवढं तो सांगू शकेल. (हेच फिशर पुढे धूम्रपानाने कर्करोग होतो हे मानायला तयार नव्हते. स्वतः पाइप ओढत. गणित येणं वेगळं आणि आपल्या सवयीविरुद्धचा पुरावा मानणं वेगळं.)

गट पाडत गेलं की काय होतं याचा माझा आवडता नमुना १९८८ चा आहे. हृदयविकाराच्या झटक्यानंतर ॲस्पिरिन द्यावं का, हे १७,१८७ रुग्णांवर तपासलं आणि फायदा ठसठशीत दिसला. जर्नलवाले म्हणाले, वेगवेगळ्या गटांचे निकाल द्या. संशोधकांनी दिले, पण सोबत राशींचाही तक्ता जोडला. जन्मतारखेवरून काढलेल्या मिथुन आणि तूळ राशीच्या रुग्णांना ॲस्पिरिनने उलट किंचित अपायच होतो असं त्यात ‘सिद्ध’ झालं! पेपर उघडल्यावर आधी भविष्य वाचणाऱ्या आपल्या लोकांना हा विनोद वेगळा समजावून सांगायला नको.

अर्थात प्रत्येक पोटगटाचा निकाल राशीभविष्य नसतो. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा मेमोरियलने दीड लाखाहून जास्त बायकांवर वीस वर्षं केलेल्या अभ्यासात, प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी हाताने स्तनतपासणी केल्यावर स्तनाच्या कर्करोगाचे मृत्यू एकंदरीत १५ टक्क्यांनी कमी दिसले, आणि तो फरक ०.०५ च्या रेषेला चाटून बाहेर राहिला. पन्नाशीच्या पुढच्या बायकांत मात्र घट सुमारे ३० टक्के. हे मिथुन-तूळ आहे की खरं? मी खरं मानायच्या बाजूला झुकते, कारण वयाप्रमाणे हा रोग आणि त्याची तपासणी बदलते याला शरीरशास्त्रात आधार आहे, राशीला नाही. पण झुकते म्हणजे माझा तो निर्णय आहे, कॉम्प्युटरने दिलेलं उत्तर नव्हे. हे वाक्य थिसिसमध्ये लिहायची सोय नसते.

घरातलं उदाहरण देऊन थांबते. वाढदिवसाला आईवडिलांना ‘फुल बॉडी चेकअप’ भेट द्यायची टूम आहे. लॅबमध्ये ‘नॉर्मल रेंज’ बहुतेक वेळा अशी ठरवतात की निरोगी माणसांपैकी ९५ टक्के तिच्यात बसतील. म्हणजे शंभर धडधाकट माणसांतली पाच एकेका तपासणीत बाहेर पडणारच. अशा एकमेकींशी संबंध नसलेल्या वीस तपासण्या केल्या तर पूर्ण निरोगी माणसाचाही एक तरी आकडा ठळक अक्षरांत येण्याची शक्यता ६४ टक्के. पॅकेज जेवढं मोठं, तेवढं कुणी पूर्ण निरोगी उरणं अवघड. मग त्या ठळक आकड्यासाठी सोनोग्राफी, सोनोग्राफीतल्या ठिपक्यासाठी सीटी स्कॅन. त्या लॅबच्या माहितीपत्रकावर वीसचे साठ पॅरामीटर झाल्याचं आनंदाने छापलेलं असतं.

गेल्या वर्षी मामांची पंचाहत्तरी झाली. मामेभावाने शोधून काढून त्या कोथरूडच्या मुलाला बोलावलं होतं. त्याला शाल-श्रीफळ दिलं, याच्यामुळे बाबा आज आपल्यात आहेत म्हणून सांगितलं, सगळा हॉल उभा राहिला. मीही टाळ्या वाजवल्या. पंगतीत तो माझ्या शेजारी बसला होता. आयटीत आहे म्हणाला. मी काय शिकवते ते कळल्यावर थोडा वेळ मठ्ठ्याची वाटी फिरवत राहिला. मग म्हणाला, “मॅडम, उपयोग नाही म्हणून मी तेव्हा वाचलं होतं. पण तुम्ही फोनवर इतक्या घाबऱ्या होतात, तुम्हाला कसं सांगणार?”